पाण्याचे वचन आणि त्याचा हिशेब



धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धती शेकडो वर्षे नांदली. नदीत आडवा बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली पाडलेले मोठाले फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे लाभधारकांनी एकत्र बसून ठरवावयाचे, आणि पाटातील गाळही त्यांनीच काढावयाचा. पाणी फिरविण्यास पाटकरी व राखणीस जागल्या असे. या व्यवस्थेची स्तुती अभियंते तिच्या बंधाऱ्यांसाठी करतात. परंतु तिचे खरे बळ निराळे होते. पाणी देणारा माणूस गावातच राहत असे. एखाद्याचे वावर कोरडे राहिले, तर त्याच सायंकाळी पाटकऱ्याच्या ओट्यावर जाऊन जाब विचारता येई.

आज पाण्याचे वचन दूरच्या राजधानीतून दिले जाते, आणि तो ओटा कोठेच सापडत नाही.

वचनांची उणीव मात्र नाही. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याचे पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली: २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर शुद्ध पाणी. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ही मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. मुदत वाढणे हा काही अपराध नव्हे. एवढ्या मोठ्या कामात ते घडते. परंतु मुदत वाढल्यावर या विशिष्ट गावाची नवी तारीख कोणती, हे किती ग्रामसभांत वाचून दाखविले गेले? तारीख ज्याला सांगितलीच नाही, त्याने ती चुकल्याचे कोणाला विचारावे?

नळजोडणी आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खानदेशातील गृहिणीला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जोडणी अहवालात मोजली जाते, पाणी हंड्यात मोजले जाते. आणि हंड्याचा प्रश्न अखेर उद्भवाशी, म्हणजे ज्या विहिरीवर वा विंधन विहिरीवर योजना उभी आहे तिच्याशी, येऊन थांबतो. रावेर व यावल तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल केळीने भरभरून उपसले. विहिरी कोरड्या झाल्या, मग विंधन विहिरी खोल खोल गेल्या. गावाची पिण्याची विहीर आणि केळीची विहीर एकाच भूगर्भातून पाणी घेतात. हे ओळखूनच महाराष्ट्राने १९९३ मध्ये कायदा केला आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. पुढे त्याची जागा २००९ च्या अधिक व्यापक भूजल अधिनियमाने घेतली. कायदा उत्तम होता. मात्र तक्रार कोणी करावयाची? ती विहीर बहुधा सरपंचाच्या भाऊबंदाची, नाहीतर तक्रार करणाऱ्याच्याच व्याह्याची! शासनाला जाब विचारताना जो आवाज चढतो, तो येथे खाली येतो. हे अवघड आहे, तरीही स्पष्ट बोललेच पाहिजे.

हिशेब दुसऱ्या बाजूनेही लागतो. योजना पूर्ण होऊन ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते, पाणीपट्टी भरली जात नाही, विजेचे बिल थकते आणि पंप बंद पडतो. मग दोष योजनेच्या माथी मारला जातो.

स्वच्छतेची कथा याहून बोधक आहे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावेच्या गावे झाडू घेऊन उठली. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आला. पुरस्काराचा फलक वेशीवर लागला. पण फलक लागल्यानंतर तपासणीस येणारे कोणी उरले नाही, आणि काही गावे पुन्हा मागे सरली. एप्रिल २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त घोषित झाला. ही घोषणा २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणातील कुटुंबांच्या यादीवर आधारलेली होती. मधल्या वर्षांत वेगळी चूल मांडलेला मुलगा त्या यादीत नव्हता. त्याच्या घरी शौचालय नसले तरी आकडा पूर्णच राहिला. आणि जेथे शौचालय आहे, पण पाणी नाही, तेथे घरातील स्त्रीच्या डोक्यावर दोन हंडे अधिक चढले, इतकेच.

भागीदारांनाही या हिशेबातून सूट नाही. बुलढाणा जिल्ह्यात २०१८ पासून भारतीय जैन संघटनेने जलसंधारणाची कामे केली, तेव्हा यंत्रे संघटनेची व इंधनाचा खर्च शासनाचा, अशी वाटणी होती. यातील मोल यंत्रांपेक्षाही त्या वाटणीच्या स्पष्टतेत आहे. काम अडले तर कोणाचा हिस्सा अडला हे गावकऱ्याला कळते. याउलट कित्येक पाणपोया आणि शुद्ध पाण्याच्या यंत्रणा अशा असतात की, संगमरवरावर दात्याचे नाव कोरलेले असते आणि तोटी कोरडी असते. फीत कापणारा पुढच्या वैशाखात परत येत नाही. दानशूर संस्थांनी देणगी देतानाच देखभालीचा खर्च व त्याचा जबाबदार माणूस लिहून द्यावा, ही अपेक्षा कठोर वाटेल, परंतु अवाजवी नाही.

साधने हाताशी आहेत. जलस्वराज्य प्रकल्पात गावोगावी सामाजिक लेखापरीक्षण समित्या होत्या. प्रकल्प संपला, तरी कल्पना जुनी झालेली नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच बांधून दिली. ती कोठे खर्ची पडली हे विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यावयाचे असते. त्या पाच जणी कोण, संच कोठे आहे, शेवटची तपासणी केव्हा झाली?

ग्रामसभा १ मे रोजी भरते, ऐन उन्हाळ्यात. त्या दिवशी उद्भवाची पातळी, वीजबिलाची थकबाकी, खर्चाचा तपशील आणि त्या सकाळी किती घरांत नळाला पाणी आले, ही चार पाने मोठ्याने वाचली जावीत, आणि वाचणाऱ्याचे नाव इतिवृत्तात लिहिले जावे.