संशोधनाचे उत्तर आपल्या दारापर्यंत
(चाकण येथील आरोग्य मेळाव्यात समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



'वैद्यकीय संशोधन आणि आपण' या विषयावर आरोग्य समितीने बोलावे असे मंडळाने ठरविले, तेव्हा काही जणांनी आम्हांस विचारले की, कामगारांच्या मेळाव्यात हा विषय कशासाठी? रेशन, ठेकेदारी, पाणी असे प्रश्न असताना प्रयोगशाळेच्या गोष्टी कोण ऐकणार? प्रश्न रास्त आहे. परंतु २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या वस्त्यांत जे घडले ते ज्यांनी पाहिले, त्यांना हा विषय परका वाटू नये.

चाकणहून नाशिक रस्त्याने पुण्याकडे निघाले की कुरुळी, मोशी ओलांडल्यावर भोसरी लागते. आपल्यातील कित्येक जण पाळीला जाताना तिथल्या एमआयडीसीतून रोज ये-जा करतात. १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था तेथे आहे. आता तिच्या नावात विषाणूशास्त्र हा शब्दही आला आहे. कोरोनावर कोणते औषध खरोखर चालते हे ठरविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली 'सॉलिडॅरिटी' नावाची मोठी चाचणी घेतली. तिच्या भारतातील कामाचा समन्वय याच संस्थेकडे होता. ३० देशांतील ४०५ रुग्णालये व ११ हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काही रुग्णांना ते औषध मिळाले, काहींना फक्त नेहमीचे उपचार. आणि मग दोन्हीकडचे मृत्यू मोजले गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये पहिला निष्कर्ष जाहीर झाला : रेमडेसिविरने मृत्यू टळतात असे दिसत नाही.

यानंतर सहा महिन्यांनी दुसरी लाट आली. आपली तरुण मुले हातात रेमडेसिविरची चिठ्ठी घेऊन चाकणपासून पुण्यापर्यंत दुकानांच्या दारात उभी होती. कुणी मंगळसूत्र गहाण टाकले, कुणी भिशी मोडली, कुणी काळ्या बाजारात मागेल ती किंमत मोजली. ११ एप्रिल २०२१ रोजी सरकारला या औषधाची निर्यात थांबवावी लागली. आमचे म्हणणे एवढेच आहे की, उत्तर भोसरीला ठाऊक होते आणि चाकणला नव्हते.

पुरते सांगावयाचे तर, याच चाचणीचा अंतिम निष्कर्ष २०२२ साली आला. प्राणवायूवर असलेल्या, पण व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांत थोडा फायदा दिसला : शंभरात सुमारे १६ मृत्यू होत तिथे १५ च्या आसपास. तो नाकारण्याचे कारण नाही. पण घर गहाण टाकावे एवढा तो नव्हता. याउलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त, कोणत्याही दुकानात मिळणारे औषध. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत जून २०२० मध्येच दिसले होते की, व्हेंटिलेटरवरील रुग्णांत शंभरामागे ४१ मृत्यू होत होते ते या औषधाने २९ वर आले. त्यासाठी कुठेही रांग लागली नाही. महाग ते गुणकारी, हा समज आपल्याकडे फार खोल आहे, आणि शिकलेल्यांतही तो कमी नाही.

प्लाझ्माचेही तेच झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली आणि २०२० सालीच फायदा नसल्याचे सांगितले. तरीही सरकारी उपचार-सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. तोवर रक्तदात्यांच्या शोधात किती रात्री गेल्या, हे येथे बसलेल्या मंडळींना सांगण्याची गरज नाही.

याच भोसरीच्या संस्थेचे एक जुने काम आम्हांला अभिमानाने सांगावेसे वाटते. पती-पत्नींपैकी एकालाच एचआयव्ही आहे अशा १,७६३ जोडप्यांची चाचणी ९ देशांत झाली. पुण्याची जोडपीही त्यात होती. लवकर औषध सुरू केलेल्या गटात जोडीदाराकडून लागण झाली फक्त एकाला, उशिरा सुरू केलेल्या गटात २७ जणांना. हे २०११ साली कळले. आजार कळताच प्रत्येकाला औषध द्यावे हे धोरण भारतात आले २०१७ साली. मधली सहा वर्षे कोणाची गेली?

आता रस्त्याकडे आणि कारखान्याकडे येऊ, कारण चाकणमध्ये विषाणूपेक्षा ट्रक आणि पॉवर प्रेस ही रोजची भीती आहे. अपघातात रक्तस्राव होणाऱ्या २०,२११ रुग्णांवर ४० देशांत 'क्रॅश-२' नावाची चाचणी झाली. भारतातील रुग्णालयेही त्यात होती. औषध होते ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. आपल्या भगिनींना पाळीत अति रक्तस्राव झाला तर डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांतलेच हे औषध. जपानमधील उताको ओकामोतो या संशोधक बाईंनी पतीसह ते शोधून काढले. २०१० व २०११ साली निष्कर्ष आले. हे इंजेक्शन पहिल्या तासात मिळाले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात. तीन तासांनंतर दिले तर लाभ नाहीच, उलट अपाय संभवतो.

बंधूंनो, ते तीन तास लक्षात ठेवा. तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी गाडी अडकली की त्यातला किती वेळ तिथेच जातो, हे आपण जाणतो. त्यात जमलेल्या गर्दीतला प्रत्येकजण पोलिसांच्या भानगडीला भिऊन मागे सरतो. ती भीती आता बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, तिला आधी फोन करावा. इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यावयाचे आहे; पण अपघात किती वाजता झाला ते घड्याळ पाहून लक्षात ठेवणे आणि रुग्णालयात पोहोचताच सांगणे, हे काम आपले.

हाडाच्या बाबतीत एकच चाचणी सांगतो. हाड मोडून जखमेवाटे बाहेर आलेल्या सुमारे २,४०० रुग्णांत ती जखम कशाने धुवावी हे पाहिले गेले. भारतासह पाच देशांतील ही चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. साबणाच्या पाण्यापेक्षा साधे सलाईन बरे ठरले, आणि पाण्याचा जोर कमी असला तरी चालते असे दिसले. म्हणजे महागड्या यंत्राची गरज नाही. लहान रुग्णालयातही हे नीट होऊ शकते. आपण मात्र अशा जखमेवर हळद, तेल, राख काही लावू नये, बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. स्वच्छ कपडा झाकावा, अवयव आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधावा, आणि हाडवैद्याकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे. प्रेसमध्ये बोट तुटले तर ते ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फात ठेवावी; बोट थेट बर्फात टाकले की ते जोडण्याच्या कामाचे राहत नाही.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. "आमच्यावर प्रयोग करतात" अशी भीती वस्तीत बोलली जाते, आणि "सही केली की पैसे मिळतात" असा मोहही. आम्हांला दोन्ही पटत नाहीत. वर सांगितलेले प्रत्येक उत्तर कुणीतरी साध्या माणसाने सही किंवा अंगठा दिला म्हणून मिळाले आहे. पण ती सही समजून झाली पाहिजे. २०१९ च्या नियमांप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीत माहिती आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळणे, कागदाची प्रत हाती येणे, नीतिविषयक समितीची मान्यता असणे, चाचणीमुळे इजा झाल्यास फुकट उपचार व भरपाई मिळणे हे आपले हक्क आहेत. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. मधूनच बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. मुकादम सांगतो म्हणून सही करू नये. आणि चाचणी संपल्यावर काय निघाले, हे विचारावयास लाजू नये.

आमच्या समितीच्या दोन परिचारिका भगिनी मंडपाच्या डाव्या बाजूला बसल्या आहेत. पुठ्ठा आणि जुनी साडी घेऊन मोडलेला हात कसा बांधावा, ते त्या आता करून दाखवतील. कंपनीत प्रेसवर काम करणाऱ्यांनी आधी पुढे यावे.