एका वर्षाची मुदत

बागेतून धर्मबोध काढण्याची हौस उपदेशकांना फार पूर्वीपासून आहे; परंतु त्यांची दृष्टी बहुधा गुलाबाच्या पाकळ्यांवर आणि त्याखालच्या काट्यांवरच खिळते, आणि कुदळ, खुरपे व शेणखत यांची वास्तपुस्त घेण्यास त्यांना सवड होत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टांतात मात्र फुलांचा सुगंध कोठेच नाही. आहे तो खताचा दर्प. द्राक्षमळ्यात लावलेल्या एका अंजिराच्या झाडाशी धनी सतत तीन वर्षे फळाच्या आशेने येतो, रिक्तहस्ताने परततो, आणि व्यर्थ जमीन अडवणारे ते झाड तोडण्याचा हुकूम अखेर आपल्या माळ्यास देतो. माळी हुकुमाची तामिली करण्याऐवजी एका वर्षाच्या मुदतीचा तोंडी अर्ज गुदरतो: तेवढ्या अवधीत आपण भोवताली खणू, खत घालू, मग पाहावे.

पुरंदर तालुक्यात, सासवडच्या बाजूस, अंजिराच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या अर्जातील कलमे अपरिचित वाटणार नाहीत. बहार धरावयाचा म्हणजे तेथील बागाईतदार प्रथम झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतो. पाने पिवळी पडून गळतात आणि परक्या माणसास झाड गेलेच असे वाटते. मग आळी खणून, हलकी छाटणी करून, शेणखत घालून पाणी सोडले की तेच झाड फुटू लागते. पावसाळ्यातला खट्टा बहार फिका असतो आणि उन्हाळ्यातला मीठा बहार नावाप्रमाणे गोड, हे खाणाऱ्यांना सांगावयास नकोच. शिवाय उंबराप्रमाणे अंजिराचेही फूल फळाच्या पोटात दडलेले असते, तेव्हा आंब्याचा मोहोर पाहून पिकाचा अंदाज बांधावा तशी सोय येथे नाही. धन्याची अधीरता त्या मानाने क्षम्यच म्हणावी लागेल.

हा दृष्टांत कोणत्या प्रसंगी सांगितला गेला हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. रोमी सुभेदार पिलाताने काही गालीली लोकांची हत्या केल्याची वार्ता येशूच्या कानी घालण्यात आली होती, आणि शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे चिरडली गेल्याचे त्याने स्वतःच स्मरण दिले होते. मेलेले अधिक पापी होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने नकारार्थी दिले, आणि लगेच हे अंजीर पुढे ठेवले. माझ्या अल्पमतीप्रमाणे याचा अर्थ असा, की जे वाचले त्यांचे वाचणे हा पुण्याईचा सरकारी दाखला नव्हे. ती कोणीतरी रदबदली करून मिळवलेली मुदत आहे. आणि ती मुदत सुखाचीच असेल असा करार कोठेही नाही. कुदळीचा पहिला घाव आळ्यासाठी पडला की बुंध्यासाठी, हे झाडाला कसे कळावे?

धन्याने अर्ज मंजूर केला किंवा पुढील साली झाडास फळ आले, यांपैकी काहीच लूकने नमूद केलेले नाही. अर्जातील अखेरची ओळ मात्र त्याने जपून ठेवली आहे: तोडण्याचा हुकूम माळ्याला झालेला असताही, फळ न आल्यास ते काम तो विनयपूर्वक धन्याकडेच सोपवतो, आणि स्वतःकडे खणणे व खत घालणे तेवढे ठेवून घेतो.