गळते कोठे आणि शिरते कोठे

(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभातील भाषण)



ग्रामदेवतेच्या कृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने आज कळस चढला. अशा मंगल प्रसंगी मी गळतीवर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. परंतु देवळाचे जुने छप्पर उतरवले त्या दिवशी आपण जे पाहिले, ते प्रत्येक घराला उपयोगी आहे. सभामंडपात थेंब पडे तो गाभाऱ्याच्या दाराशी; म्हणून दर साल तेथलीच कौले बदलली गेली. पाणी मात्र शिरत होते वर आढ्यापाशी. ते वाशावरून ओघळत येई आणि वाशाला गाठ आली की तेथे टपके. तोवर वाशाच्या वरच्या टोकाचा भुसा झाला होता.

थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरते ती जागा बहुधा एक नसते. म्हणून शोध खालून वर घ्यावा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर आले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. तालुका कचेरीत नोकरीस असल्याने पंचनाम्यांचे कागद माझ्या हाताखालून जातात. भिंत पडली, पत्रे उडाले, हे कागदावर येते. दोन बोटे सरकलेले कौल येत नाही. घर खाते ते हेच कौल.

वारा मंगळुरी कौल उचलतो आणि पुन्हा आदळतो. ज्या उंचवट्याने ते रिपेवर अडकते तो उंचवटा तुटतो. खालून पाहावे तर कौल जागच्या जागी दिसते. पण पुढे ते हळूहळू घसरते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या पाख्यावरही असे होते, कारण आढे ओलांडताना वारा तिकडची कौले वर ओढतो. म्हणून दोन्ही पाखी तपासावीत.

आता शोधाची रीत. ओल विजेच्या तारेजवळ असेल तर प्रथम मेन स्विच बंद करावा. मग भर उन्हाच्या वेळी दारे-खिडक्या लावून माळ्यावर जावे. डोळे अंधाराला सरावले की कौलांतून कवडसे दिसतात. तेथे खडूने खूण करावी. कवडसा न येताही पाणी शिरू शकते, म्हणून पाऊस लागल्यावर बॅटरी घेऊन पुन्हा पाहावे. वाशावरील ओला ओघळ धरून वर वर जावे. ओल जेथे सुरू होते, तेथे चोर. पावसात छपरावर मात्र कोणी चढू नये. शेवाळलेले कौल पायाला धरत नाही.

भिंतीची ओलही बोलते. वरून खाली उतरणारा डाग छपराचा. जमिनीपासून दोन-तीन फूट चढलेली ओल आणि तिच्यावर लोणा, तो दोष जोत्याचा. फक्त नैऋत्येचा वारा असतानाच पश्चिमेची भिंत ओलावते, तर खिडकीच्या चौकटीभोवतीच्या व गिलाव्याच्या भेगा पाहाव्यात.

स्लॅबच्या घरात कठडा व स्लॅब यांचा सांधा आणि पाणी जाण्याच्या पाइपाचे तोंड आधी तपासावे. उघडीप असताना उताराच्या खालच्या बाजूपासून एकेका भागावर पाणी ओतावे, अर्धा-पाऊण तास थांबावे आणि आत एकाने लक्ष ठेवावे. सगळीकडे एकदम पाणी ओतले तर काहीच कळत नाही. पाऊस नसतानाही ओल वाढत असेल तर नळाचा संशय घ्यावा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल तर गळती टाकीत किंवा तिच्या पाइपात आहे.

एका थेंबाने काय होते, असे कोणी म्हणेल. सेकंदाला एक थेंब, आणि एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तरी चोवीस तासांत चार लिटरांहून अधिक पाणी वाशात आणि भिंतीत जाते. मातीच्या भिंतीला असे किती दिवस सोसेल?

चाकरमानी बंधूंना हात जोडून एक विनंती. गणपती उरकले की आपली घरे बंद होतात ती शिमग्यालाच उघडतात. कित्येक घरांत एकटी म्हातारी आई असते. ती पातेले थेंबाखाली ठेवते आणि फोनवर म्हणते, "सगळे ठीक आहे." तेव्हा घराची एक किल्ली वाडीत विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. वादळ सरले की वाडीतील दोन तरुणांनी प्रत्येक बंद घराचा माळा पाहावा, फोटो काढून मालकाला कळवावे. तलाठी पंचनाम्याला आले की पडलेल्या भिंतीबरोबर मोडलेली कौले व ओली तुळईही दाखवावी, आणि दुरुस्तीपूर्वीचे फोटो जपून ठेवावेत.

देवाचे छप्पर आपण सर्वांनी मिळून राखले. त्याच एकीने घराघरांचे छप्पर राखू या.