दंडावरची खूण
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



धार जिल्ह्यातील निसरपूर आपल्याला परिचित आहे. 2019 साली सरदार सरोवराचे पाणी चढले आणि त्या गावाचा मोठा भाग बुडाला. वयस्क मंडळींना घर आणि अंगण मागे सोडावे लागले. दंडावरची देवीच्या लसीची खूण मात्र त्यांच्याबरोबर गेली. त्या खुणेआड शरीराने कोणती आठवण जपली आणि ती कातडीतूनच का मिळाली, हा आजचा विषय.

आपल्या देशात देवीची पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तिच्या दंडावरच्या फोडातील लस पुढे इतर मुलांना देण्यात आली. टोचणाऱ्यांना गुण दिसत होता. कारण ठाऊक नव्हते. 1868 साली पाउल लँगरहान्स या तरुण जर्मन विद्यार्थ्याला बाह्यत्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी आढळल्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. 1973 साली राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेतील अशाच फांद्यांच्या पेशींचे वर्णन केले व त्यांना ‘डेंड्रिटिक’ हे नाव दिले. पुढे त्वचेतील पेशींचेही खरे काम उलगडत गेले. 2011 चे नोबेल पारितोषिक स्टाइनमन यांना जाहीर झाले, तेव्हा त्यांचे निधन होऊन तीनच दिवस झाले होते.

या पेशी म्हणजे वेशीवरचे जासूद होत. जंतू किंवा लस त्वचेत शिरताच त्या तिला गिळतात, तिच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि लसवाहिन्यांतून जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघतात. तेथे त्या आपल्या पृष्ठभागावर तो तुकडा, म्हणजे प्रतिजन, टी-पेशींपुढे धरतात. असंख्य टी-पेशींपैकी ज्या थोड्यांना तो तुकडा नेमका जुळतो, त्याच थबकतात. परंतु एवढ्याने भागत नाही. धोक्याची जाणीव झालेली डेंड्रिटिक पेशी दुसरी खूणही देते. ती मिळाली तरच टी-पेशी जागृत होऊन वाढू लागते. ती न मिळाल्यास टी-पेशी उलट निष्क्रिय होते. आपल्याच शरीरावर हल्ला होऊ नये, यासाठी ही दुहेरी खातरजमा उपयोगी पडते. जागृत पेशींपैकी काही आठवण म्हणून वर्षानुवर्षे टिकतात.

बाळाला बीसीजी टोचल्यावर काही वेळा काखेत लहानशी गाठ येते व आई घाबरते. हा जासूद आणि टी-पेशी यांची भेट बहुधा त्याच ग्रंथीत होते. गाठ वाढली, पिकली तर मात्र डॉक्टरांना दाखवावी.

आता व्यवहाराची गोष्ट. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस स्नायूत दिल्यास दर वेळी पूर्ण कुपी लागते. त्वचेत मात्र प्रत्येकी 0.1 मिलिलिटर, दोन ठिकाणी पुरते. कारण तेथे हे जासूद दाटीने वसतात. भारतात 2006 पासून या पद्धतीस मान्यता आहे. एका कुपीत अनेकांचे काम होते, म्हणून गरिबाच्या वाट्यालाही लस येते. तरीही ‘एवढ्याशा टोचणीने काय होणार?’ असे म्हणून पुढच्या खेपा टाळणारे लोक मी पाहिले आहेत. रेबीजची लक्षणे दिसू लागली की मरण जवळजवळ अटळ असते. म्हणून जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्वरित दवाखाना गाठावा आणि एकही खेप चुकवू नये.

1802 मध्ये कारण न कळताही माणसांनी विश्वास ठेवला. आपल्याला कारण कळले आहे. ते आपल्या शेजाऱ्याला समजावून सांगावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.