गोंधळ: देवीचा आणि आपला



इंग्रजीत दंगामस्तीला, आरडाओरड्याला ‘रकस’ म्हणतात. ‘रक्शन’ आणि ‘रम्पस’ या दोन शब्दांच्या सरमिसळीतून तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाला असावा, असं कोशकार मानतात. आपल्या ‘गोंधळा’मागे मात्र साक्षात तुळजापूरची भवानी उभी आहे.

सभेत चारजण एकदम बोलू लागले की आपण म्हणतो, गोंधळ झाला. आणि घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालतो. मोल्सवर्थच्या कोशातही हे दोन्ही अर्थ आहेत. आधी कुलाचार, मग गलबला. रात्रभर संबळ कडाडतो, झांज वाजते, ‘उदो उदो’चा गजर होतो, भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला त्यात कल्लोळच ऐकू येणार.

पण चौकाजवळ बसून पाहा. नव्या खणावर धान्याचा चौक भरलेला, मधोमध कलश. दिवटी पेटते. आधी गण. मग एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक मारून गोंधळाला बोलावणं, घरच्या कुलदैवतापासून दूरदूरच्या देवस्थानांपर्यंत. मग नायक आख्यान लावतो. साथीदार मधेच अडवतो, खोचक शंका काढतो, नायक उत्तर देतो आणि कथा पुढे सरकते. शेवटी दिवट्या घेऊन आरती. कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. हा सगळा क्रम बापाकडून मुलाकडे तोंडपाठ येतो. इतकी शिस्त ज्यात आहे, त्याच्याच नावानं आपण बेशिस्तीला ओळखतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शब्दाचं मूळही लांबचं नाही. तेराव्या शतकात जाय सेनापतीनं ‘नृत्तरत्नावली’त ‘गोंडली’ नृत्याची हकीकत दिली आहे: कल्याणीच्या सोमेश्वर राजानं भिल्ल वेशातल्या एका स्त्रीचं नृत्य पाहिलं आणि त्यावरून ते बसवलं. अभ्यासक गोंधळाचा धागा तिथे नेऊन जोडतात. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याहून पूर्वेला, सीमेच्या जरा पलीकडे.

आता मंगल कार्यालयात तासाभरात गोंधळ उरकतात. आख्यान गळतं, संबळ तेवढा उरतो, तोही लाउडस्पीकरवर. मग मुलांना तो नुसता आवाज वाटला तर त्यांचा काय दोष? तुमच्या घरी लग्न निघालं तर गोंधळ्यांना रात्र मोकळी द्या, आणि आख्यान पुरं होईस्तोवर पोरांना पुढे बसवा.