एक घर, दोन स्वभाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मानसरोवर, जयपूर येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कुत्र्यांविषयी बोलणे कित्येकांना प्रसंगाला साजेसे वाटणार नाही. कार्यकारिणीने मला ‘घरातील सहजीवन’ हा विषय दिला आहे. या विषयाचे धडे मला ग्रंथांपेक्षा आमच्या घरातील दोन लहान कुत्र्यांकडून अधिक मिळाले. म्हणून त्यांच्याविषयीच बोलण्याची अनुज्ञा घेतो.

तसे पाहता कुत्रा आपल्याला परका नाही. दत्तप्रभूंच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाच्या सोबत त्याचे कुत्रे आहे. महाभारतातील धर्मराजाने तर स्वर्गाच्या दारातून परत फिरण्याची तयारी दाखविली, पण बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडले नाही. असा मान देणाऱ्या आपल्या समाजाने घरात मात्र त्याची जागा बहुधा उंबऱ्याबाहेरच ठेवली. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेल्या या मानसरोवरात, आप्तस्वकीयांपासून इतक्या दूर राहावयास आल्यावर, उंबऱ्याची ती रेषा आमच्या घरी हळूहळू पुसली गेली.

आमच्या घरी ठमी आहे आणि बंड्या आहे. ठमी पांढरीशुभ्र, झुबकेदार शेपटीची. लोक तिला पॉमेरेनियन म्हणतात; परंतु आपल्याकडे या नावाने ओळखले जाणारे कुत्रे पुष्कळदा भारतीय स्पिट्झ असते. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी आपणांस आठवत असेल. त्या कुत्र्याचीच ही जात. बंड्या डॅशहुंड आहे: लांबलचक देह, आखूड पाय आणि जमिनीला टेकू पाहणारे कान. बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या चिवट प्राण्याची शिकार करण्यासाठी जर्मनीत ही जात तयार झाली. बॅजरचा कुत्रा, असाच त्या नावाचा अर्थ आहे.

म्हणजे जातीच्या हिशेबाने बंड्या शूर असावयास हवा. प्रत्यक्षात प्रेशर कुकरची शिट्टी झाली की तो पलंगाखाली जातो. ठमी मात्र दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाची झडती घेते, पाहुण्यांच्या मांडीवर हक्काने चढते आणि गल्लीतून उंटगाडी गेली तर तिलाही दरडावते. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध झाले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातील अवघा ९ टक्के भाग जातीमुळे उलगडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या घरी हा निष्कर्ष पलंगाखाली बसलेला असतो!

दोघांना अगदी सारखे वागवावे, म्हणजे न्याय झाला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु शरीरधर्मच त्याला आडवा येतो. जयपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून ते अंगातील उष्णता बाहेर टाकते. दाट केसांच्या ठमीला म्हणून उन्हाळ्यात दुपारभर कूलरसमोरची फरशी लागते. तिचे केस मुळापासून कापण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. पण तेच केस उन्हापासून तिच्या कातडीचे रक्षण करतात, म्हणून आम्ही ते फक्त विंचरतो. बंड्याची अडचण निराळी. लांब पाठीमुळे या जातीत मणक्यांमधील चकती सरकण्याचा धोका मोठा असतो. म्हणून त्याला जिन्यावरून उचलून न्यावे लागते, सोफ्यावरून उडी मारू द्यावयाची नसते आणि वजन वाढू द्यावयाचे नसते. ठमी मिळालेली पोळी हुंगून निघून जाते. बंड्या स्वतःची संपवून तिचीही संपवितो. तेव्हा ताटल्या दोन आणि खोल्याही दोन!

एकदा मात्र बंड्याचे या घरातील स्थानच डळमळले. घरी आलेल्या एका लहान मुलाने पलंगाखाली हात घालून त्याला ओढण्याचा प्रयत्न केला, आणि तो दात दाखवून गुरगुरला. चावला नाही; पण आप्तांनी निकाल दिला, “ठमीला ठेवा, याला कुठे तरी मळ्यावर सोडा.” घरात दोन दिवस कोणी मोकळेपणाने जेवले नाही. त्याला रट्टा देऊन गप्प करावे, अशीही सूचना आली. आमच्या पशुवैद्यांनी मात्र मोलाची गोष्ट सांगितली: गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते, शिक्षा करून ती बंद पाडली, तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रे सूचना न देता चावते.

आमच्या सौ.नी निर्णय केला. आतल्या खोलीचा एक कोपरा बंड्याचा झाला. तो तेथे असताना त्याला कोणी हात लावावयाचा नाही. पाहुणे येण्यापूर्वी खोलीचे दार लावावयाचे. लहान मुलांना एकटे त्याच्याजवळ सोडावयाचे नाही. रेबीजप्रतिबंधक लस दोघांनाही दर वर्षी टोचली जाते, तीत कधी खंड नाही. बंड्या आजही नवख्या माणसापासून चार हात दूरच राहतो. त्याचा स्वभाव बदलला नाही. घराने आपली व्यवस्था बदलली, आणि त्यानंतर तो कोणावर गुरगुरल्याचे आम्हांस आठवत नाही.

मंडळींनो, मुलांची तुलना कुत्र्यांशी करावी, असा माझा हेतू नाही. परंतु परप्रांतातील आपल्या घरांतही दोन स्वभाव नांदतात. एक मूल गणेशोत्सवात व्यासपीठावर धिटाईने उभे राहते, अस्खलित मराठी बोलते, आणि आपण त्याला बक्षीस देतो. दुसऱ्याला मराठी समजते, पण उच्चाराला कोणी हसेल या भीतीने ते हिंदीत उत्तर देते आणि मागच्या रांगेत बसते. त्याला सर्वांसमक्ष पुढे ओढले, तर ते पुढच्या वर्षी येत नाही. त्याची आशा सोडली, तर मुळीच येत नाही. गेली पन्नास वर्षे हे मंडळ पुढे येणाऱ्यांच्या उत्साहावर चालले. पुढील पन्नास वर्षे चालावयाचे असेल, तर मागे बसणाऱ्यालाही त्याच्या सोयीचा एक कोपरा येथे हवा. पडदा ओढण्याचे काम असो, ग्रंथालयाच्या चाव्या असोत, की नुसते पंगतीत वाढणे असो. मराठी त्याच्या तोंडी येईल, ती अशा कामात सहज येईल.

दोघांना एकाच मापाने मोजणे सोपे असते. ज्याचे माप त्याला देणे कष्टाचे असते. ते कष्ट हीच घराची खूण आहे, आणि मंडळ हे परगावातील आपले घर आहे.