उपवास तोच, ताट नवं

आषाढी एकादशीला पऱ्हाटी निंदता निंदता आमच्या गटातल्या एका ताईला भोवळ आली. सकाळपासून पोटात नुसता चहा आणि तळलेले बटाट्याचे चिप्स! तेव्हा आम्ही ठरवलं, उपवास सोडायचा नाही, ताट बदलायचं.

आपल्या वर्ध्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची उसळ. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. 100 ग्रॅम शेंगदाण्यात मात्र सुमारे 25 ग्रॅम. म्हणून आम्ही उकडलेलं रताळं कुस्करतो, त्यात मूठभर शेंगदाण्याचा कूट, थोडं भगरीचं पीठ, मिरची, मीठ घालतो. चपट्या टिक्क्या तव्यावर चमचाभर तेलात खरपूस भाजतो. सोबत वाटीभर दही.

शुगरची गोळी चालू असेल, तिनं आधी डॉक्टरांना विचारावं. देवाचं करू, पण अंगात बळ ठेवून.